कॉमाच्या अलीकडचा माणूस

इंग्रजीत एखाद्या माणसाबद्दल बोलताना 'हू' हा शब्द आला की त्यापाठोपाठ त्या माणसाची ओळख येते. सायकल चोरणारा, पहिला आलेला, आम्हाला गणित शिकवणारी, गेल्या वर्षी वारलेले. सोलापुरात ज्युनिअर कॉलेजच्या मुलांना मी इंग्रजी शिकवत आले, त्यातला बराच वेळ याच गोष्टीत गेला. दोन सुटी वाक्ये द्यायची आणि 'हू' वापरून त्यांचे एक करायला सांगायचे. परीक्षेत याला एखादा गुण मिळतो, आणि मुलेही तेवढ्याच मनाने हा प्रश्न सोडवतात. मला मात्र या अभ्यासात माणसाविषयीचा फार जुना प्रश्न दिसत आला आहे. माणूस म्हणजे त्याने जे केले तेच का? की केलेले सगळे मोजून झाल्यावरही ते करणारा कोणी शिल्लक उरतो?

आधी नियम सांगते, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. 'द बॉय हू ब्रोक द विंडो इज माय नेफ्यू.' ज्याने खिडकी फोडली तो मुलगा माझा भाचा आहे. या वाक्यात कॉमा नाही. खिडकीचे शब्द काढून टाकले तर कोणता मुलगा हेच कळणार नाही. आता दुसरे वाक्य. 'माय नेफ्यू, हू ब्रोक द विंडो, इज इन द टेन्थ.' इथे दोन कॉमा आहेत. भाचा एकच आहे, तो आधीच ओळखीचा आहे, दहावीत आहे, आणि जाता जाता कळते की खिडकीही त्यानेच फोडली. व्याकरणाची पुस्तके 'हू'ने जोडलेल्या उपवाक्याच्या पहिल्या प्रकाराला 'डिफाइनिंग' म्हणतात, म्हणजे व्याख्या करणारे, आणि दुसऱ्याला 'नॉन-डिफाइनिंग'. पहिल्या वाक्यात खिडकीने मुलाची व्याख्या केली. दुसऱ्यात मुलगा कॉमाच्या अलीकडे अखंड उभा आहे आणि त्याचे कृत्य त्याच्याविषयीची एक बातमी म्हणून नंतर आले आहे.

मराठीत आपण 'खिडकी फोडणारा माझा भाचा' असे म्हणतो. भाचे किती, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचे. शिवाय कृत्य आधी कानावर पडते आणि माणूस मागून येतो. इंग्रजीत माणूस आधी येतो, आणि त्याच्या व त्याच्या कृत्याच्या मध्ये कॉमा ठेवायचा की नाही हे लिहिणाऱ्याला दर वेळी ठरवावे लागते. हा प्रश्न मला इंग्रजी शिकवताना भेटला तो यामुळेच.

हे 'हू' इंग्रजीत या कामाला उशिरा लागले. जुन्या इंग्रजीत तो मुख्यतः 'कोण?' असे विचारण्याचा शब्द होता. 'हूम' आणि 'हूज' ही रूपे आधी जोडकामाला आली. कर्त्याच्या जागी 'हू' दिसू लागते ते पंधराव्या शतकात, आणि त्याची सुरुवातीची पुष्कळ उदाहरणे पत्रांच्या शेवटी सापडतात. नॉरफकच्या पास्टन घराण्याची त्या काळची पत्रे प्रसिद्ध आहेत. जमिनीची भांडणे, सोयरिकी, लंडनहून मागवलेले कापड असा सगळा संसार त्यांत आहे. अशा पत्रांच्या अखेरीस देवाचे नाव येते आणि त्याने तुमचे रक्षण करावे अशी विनंती त्या नावाला 'हू'ने जोडलेली असते. अनेक देवांतून एक निवडून काढण्याचा तिथे प्रश्नच नव्हता. देव एकच, माहीत असलेला, आणि पुढचे शब्द त्याच्यापाशी केलेली प्रार्थना. माणसांना जोडणाऱ्या या शब्दाचा आरंभ व्याख्येत नसून असा भक्तीत झाला, याचा मला खरोखर आनंद वाटतो.

पुढे बायबलच्या 1611 च्या इंग्रजी भाषांतरात, येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत, स्वर्गातल्या पित्यासाठी 'विच' आले. त्या काळी 'विच' माणसांनाही लावत असत, त्यात अनादर नव्हता. शंभर वर्षांनी, 1711 मध्ये, रिचर्ड स्टील याने 'स्पेक्टेटर' या नियतकालिकात 'हू' आणि 'विच' यांच्या नावाने एक अर्ज छापला. 'दॅट'ने आमची जागा बळकावली, अशी त्यांची तक्रार होती. खरे तर 'दॅट' या दोघांपेक्षा जुना. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चने 1789 मध्ये आपले प्रार्थनापुस्तक काढले तेव्हा पित्यापुढचे 'विच' जाऊन 'हू' आले. त्याच प्रार्थनेत, आपला अपराध करणाऱ्यांचा उल्लेख आहे तिथेही 'दॅट' जाऊन 'हू' आले. या दुसऱ्या बदलाकडे मला परत यायचे आहे.

देवाच्या संदर्भातले सर्वांत विलक्षण उपवाक्य मात्र बायबलमधल्या निर्गमाच्या पुस्तकात आहे. झुडूप जळते आहे पण भस्म होत नाही, आणि मोशे त्यातून येणाऱ्या आवाजाला नाव विचारतो. हिब्रू उत्तराच्या मधोमध 'अशेर' हा जोडणारा शब्द आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकच क्रियापद आहे, असण्याचे. 1611 च्या भाषांतरकारांनी 'अशेर'साठी 'दॅट' घेतले, 1952 च्या सुधारित आवृत्तीने 'हू'. शब्द कोणताही घ्या, वाक्य ओळख द्यायला नकार देते. आपल्या 'जो'ला उत्तर म्हणून फक्त आपले असणे ठेवते. पुढे दहा आज्ञांच्या आरंभी हाच देव आपले कृत्य सांगतो, मिसरच्या दास्यातून लोकांना बाहेर काढल्याचे. आधी असणे आणि मग केलेले, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

तत्त्वज्ञांनी हा प्रश्न देवाशिवाय हाताळला. बर्ट्रांड रसेलने 1905 मध्ये 'वेव्हर्ली' या कादंबरीच्या लेखकाचे उदाहरण घेऊन अशा वर्णनांची फोड केली. त्याच्या मते 'ज्याने वेव्हर्ली लिहिली' हे शब्द कोणा माणसाकडे थेट बोट दाखवत नाहीत. असा एक आणि एकच लेखक आहे, असे ते विधान करतात. कीथ डॉनेलनने 1966 मध्ये त्याला एक साधा प्रसंग दाखवला. पार्टीत कोणी विचारतो, मार्टिनी पिणारा तो माणूस कोण? ग्लासात असते नुसते पाणी. तरीही प्रश्न त्याच माणसाबद्दल होता आणि उत्तरही त्याच्याबद्दलच मिळते. वर्णन खोटे निघाले, माणूस सुटला नाही. उपवाक्य असे पत्त्यासारखे असते. घर क्रमांक चुकीचा लिहिला तरी पोस्टमन ओळखीचा असेल तर पत्र पोहोचते, आणि अगदी अचूक लिहिलेल्या पत्त्यावरूनही घरात काय चालले आहे ते कळत नाही.

या सगळ्यांत माझ्या मनात घर केले ते सॉल क्रिपकेने. जानेवारी 1970 मध्ये, वयाच्या 29 व्या वर्षी, प्रिन्स्टनमध्ये त्याने हाती लिखित मजकूर न घेता तीन व्याख्याने दिली. कुर्ट ग्योडेल कोण, असे विचारले तर बहुतेकांना एकच गोष्ट सांगता येते: ज्याने 1931 मध्ये अंकगणिताच्या अपूर्णतेचा सिद्धान्त मांडला तो. क्रिपके म्हणाला, समजा तो सिद्धान्त खरे तर श्मिट नावाच्या माणसाने सिद्ध केला होता, त्याचा मृतदेह व्हिएन्नात संशयास्पद स्थितीत सापडला, आणि हस्तलिखित ग्योडेलच्या हाती पडले. आता आपण 'ग्योडेल' म्हणतो तेव्हा श्मिटबद्दल बोलतो का? मुळीच नाही. आपण ग्योडेलबद्दलच बोलतो, फक्त त्याच्याबद्दल चुकीचे बोलतो. खरा ग्योडेल तेव्हा हयात होता आणि प्रिन्स्टनमध्येच राहत होता, हे आठवले की या कल्पनेला वेगळेच वजन येते. ज्या एका कृत्याने सारे जग एका माणसाला ओळखते ते कृत्य त्याच्याकडून काढून घेतले, तरी नाव त्याच्याकडेच राहते. आई-वडिलांनी ठेवलेले, माणसांनी एकमेकांना सांगत पुढे नेलेले ते नाव कोणत्याही पराक्रमाच्या आधीचे असते. क्रिपकेने हे भाषेचे तत्त्वज्ञान म्हणून मांडले. मी ते माणसाच्या बाजूने दिलेली साक्ष म्हणून वाचते.

वर्गात मी मुलांना घरातल्या माणसांवर वाक्ये लिहायला सांगते. असेच एकदा एका मुलीने लिहून आणले होते. आई घरी विड्या वळते, वडील भाड्याचा टेम्पो चालवतात. 'माय फादर हू ड्राइव्ज द टेम्पो ब्रिंग्ज मँगोज.' त्याखाली दुसरे वाक्य: 'माय फादर हू ड्रिंक्स बीट्स अस.' दोन्हींत कॉमा नव्हता. मी तिला जवळ बोलावून म्हटले, "अगं, वडील एकच ना? मग इथे कॉमा पाहिजे. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल तुला दोन वडील आहेत." तिने वही माझ्याकडून घेतली, दोन्ही वाक्ये पुन्हा वाचली आणि म्हणाली, "दोनच आहेत मॅडम. टेम्पोवाले वेगळे, पिऊन येतात ते वेगळे. आईपण तसंच म्हणते. दार वाजलं की म्हणते, बघ गं, कोण आलेत."

मी त्या वाक्यांना कॉमा दिला नाही. तिला नियम कळला होता, आणि नियमात जेवढे सांगता येते तेवढे तिने नेमके सांगितले होते. आंबे आणणाऱ्या वडिलांवरचे प्रेम शाबूत ठेवायचे तर मारणाऱ्याला वेगळे करणे भाग होते. कॉमा नसलेले उपवाक्य तिच्यासाठी दोघांमधली भिंत होती आणि त्या भिंतीच्या आडोशाने ती वाढत होती. माणूस कृत्यापलीकडे अखंड असतो, असे तिला त्या वयात शिकवायला जाणे क्रूरपणा ठरला असता. मार खाणाऱ्याने मारणाऱ्याची अखंडता सांभाळावी, ही अपेक्षा धर्माच्या नावाने बायकांकडून फार वेळा केली गेली आहे, आणि मी तिच्या पूर्ण विरुद्ध आहे.

पण त्या वडिलांचे काय? मुलीने दोन केले तरी त्यांना स्वतःला दोन होता येत नाही. इंग्रजीत 'आय' या सर्वनामाला 'हू' जोडायचे तर सहसा कॉमा द्यावा लागतो. 'मी'मधून एक तुकडा निवडून काढायची सोय भाषेने ठेवलेली नाही. टेम्पो चालवणारा मी आणि मारणारा मी अशी वाटणी करून दुसऱ्याच्या माथी दोष मारता येत नाही. पश्चात्ताप करायचा तर 'मी, ज्याने मारले' असे अखंड 'मी'लाच म्हणावे लागेल. मुलीसाठी जी भिंत आसरा होती तीच वडिलांनी उचलली तर पळवाट झाली असती. एकच उपवाक्य कोण उच्चारतो यावर त्याचा धर्म-अधर्म ठरतो, हे मला त्या वहीने शिकवले.

माणूस आणि त्याचे वर्णन यांतले हे अंतर विचारवंत हाना आरेन्टलाही दिसले होते. ती जर्मनीतून निघून 1941 मध्ये अमेरिकेत पोहोचली आणि पुढे तिने इंग्रजीत लिहिले. 'द ह्यूमन कंडिशन' या 1958 च्या ग्रंथात ती 'हू' आणि 'व्हॉट' यांत फरक करते. अमुक माणूस कोण, हे सांगायला जावे तर भाषा आपल्याला वळवून तो काय आहे तेच सांगायला लावते: त्याचे गुण, त्याचा धंदा, त्याच्यासारख्या इतरांशी त्याचे साम्य. त्याच ग्रंथात पुढे ती क्षमेवर लिहिते. मानवी व्यवहारातले क्षमेचे स्थान नाझरेथच्या येशूने शोधले, असे तिचे म्हणणे आहे; हा शोध धार्मिक संदर्भात लागला म्हणून ऐहिक जीवनात त्याचे मोल कमी होत नाही, असेही ती बजावते. आणि क्षमा होते ती केलेल्या गोष्टीची, पण करणाऱ्यासाठी, तो जो कोणी आहे त्याच्यासाठी.

आता येशूने शिकवलेल्या त्या प्रार्थनेतल्या दुसऱ्या 'हू'कडे येते. तिथे अपराध करणाऱ्यांना नाव नाही, गाव नाही. त्यांच्याबद्दल एवढेच ठाऊक आहे की त्यांनी आमचा अपराध केला. कॉमा नसलेले कडकडीत उपवाक्य आहे ते. जखम ताजी असते तेव्हा माणूस असाच दिसतो. त्याच्या कृत्याखेरीज त्याचे काहीच डोळ्यांपुढे येत नाही. आणि त्याच ओळीत क्षमेचे क्रियापद आहे. मला वाटते क्षमा म्हणजे या उपवाक्याला कॉमा मिळणे. कृत्य पुसले जात नाही. ते वाक्यातच राहते, वाचणाऱ्या प्रत्येकाला दिसते. एवढेच होते की त्याच्या आधी एक माणूस उभा राहतो, ज्याच्याबद्दल दुसऱ्याही गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. विसरण्याला मी क्षमा म्हणणार नाही, कारण विसरण्यात उपवाक्यच गळून पडते.

हा कॉमा देण्याचा अधिकार ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा. बाहेरच्याने तो मागू नये. न्यायालयाला तर तो देताच येत नाही. साक्षीदाराने 'ज्याने मला मारले तो' असे म्हणून एकाच माणसाकडे बोट दाखवले पाहिजे, तिथे निवड हवी, व्याख्या हवी. शिक्षा सुनावल्यानंतर मात्र तुरुंगाने, गावाने, शेजाऱ्यांनी त्या माणसाला जन्मभर त्याच एका उपवाक्यात कोंडावे का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे माझे उत्तर 'नाही' असे आहे.

आपल्या परंपरेत 'जो-तो'चा आणखी एक उपयोग आहे, तो डिफाइनिंग आणि नॉन-डिफाइनिंग या दोन्ही प्रकारांत बसत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन स्थितप्रज्ञाची लक्षणे विचारतो आणि उत्तर उलगडत जाते ते 'जो असा, तो' या रचनेतून. साधू कोणाला म्हणावे हे सांगणारा तुकोबांचा प्रसिद्ध अभंगही 'जो'वरच उभा आहे. डोंगरावरच्या प्रवचनात येशू ज्यांना धन्य म्हणतो त्यांचीही ओळख अशीच आहे. ही उपवाक्ये कोणा ठरावीक माणसाकडे बोट दाखवत नाहीत, आणि ओळखीच्या माणसाबद्दल जादा माहितीही देत नाहीत. ती जागा मोकळी ठेवतात. जो कोणी तसे वागेल तो आत. कुळ, जात, आधीचे आयुष्य यांची चौकशी नाही. उपवाक्य माणसाला मोठे करू शकते ते असे, कृत्यावर बेतलेले आणि सर्वांना खुले असेल तेव्हा.

याच्या नेमके उलटे उपवाक्य इंग्रजीतच लिहिले गेले, आणि माझ्या गावाने ते भोगले. 1871 च्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टने सरकारला असा अधिकार दिला की एखादी संपूर्ण जमात पद्धतशीरपणे गुन्हे करते असे वाटले तर तिला गुन्हेगार जाहीर करावे. 1911 च्या कायद्यानंतर तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करता येऊ लागला. वाक्यात गुन्हा करण्याचे क्रियापद होते, पण ते लागू व्हायला गुन्हा करण्याची गरज नव्हती, जन्म पुरेसा होता. नोंदणी, हजेरी, बाहेर जायचे तर पास. सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती, आणि तो भाग आजही सेटलमेंट याच नावाने ओळखला जातो. कायदा रद्द होऊन 31 ऑगस्ट 1952 ला या जमाती मुक्त झाल्या. त्यांना 'विमुक्त' म्हणतात, म्हणजे जे ओझे काढले त्याच्याच नावाने अजून ओळखतात. लक्ष्मण गायकवाडांनी आपल्या आत्मकथनाला 'उचल्या' हेच नाव दिले, जगाने लावलेले. 1988 मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा ते नाव सन्मानाने छापले गेले, पण एका लेखकाला मिळालेला सन्मान वस्तीला मिळत नाही. त्या भागातून येणारी माझी काही मुले अर्जावर पत्ता लिहिताना शेजारच्या पेठेचे नाव घालत.

या मुलांसाठी कॉमाचा विचार अपुरा पडतो, आणि हे मी क्षमेबद्दल एवढे लिहून झाल्यावर मुद्दाम सांगते. कॉमा लागतो ते खऱ्या उपवाक्याला, ज्यातले कृत्य घडलेले असते. यांच्या बाबतीत वर्णनच पहिल्यापासून खोटे होते, मार्टिनीच्या ग्लासातल्या पाण्यासारखे, फक्त इथे त्या चुकीपायी पिढ्या कुंपणात गेल्या. त्यांना कोणाची क्षमा नको आहे. ते उपवाक्य खोडायला हवे. कायद्याच्या पुस्तकातून ते 1952 मध्ये गेले. गल्लीत चोरी झाल्यावर पोलिसांची गाडी आधी कोणत्या वस्तीकडे वळते, खोली भाड्याने देताना घरमालक आडनाव ऐकून का थांबतो, वर्गात कोणाचे पेन हरवले की बाकीची मुले कोणाच्या दप्तराकडे बघतात, तिथे तिथे ते अजून तसेच लिहिलेले आहे.